आला म्हणायचं राहिलं

कंदील जरा बारीक करा. एवढ्या उजेडात ही गोष्ट सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर तो माझ्याही डोळ्यांवर येतो. पाय पांघरुणात घ्या. मध्येच कुणी खुसखुसलं तर मी सरळ उठून झोपायला जाणार, मग बसा रात्रभर पुढं काय झालं असेल याचा विचार करत. तीस वर्षं शाळेत पोरं हाकली आहेत मी. तुमची कुजबूज मला अंधारातही ऐकू येते.

ही गोष्ट कुणाच्या मामाच्या गावातल्या कुणाची नाही. खर्ड्याच्या रज्जाक पिंजाऱ्याची आहे. मी त्याला चांगला ओळखत होतो. या घरातल्या जुन्या गाद्यांचा कापूस त्यानंच पिंजलेला आहे. फालतू बोलणारा माणूस नव्हता. मुळात बोलणाराच नव्हता, कारण बोलायला दम लागतो आणि तो त्याच्याकडं बेताचाच होता. लहानपणापासून कापसाचा तूस छातीत गेलेला. मोठ्यानं हसला तरी खोकल्याची उबळ यायची, म्हणून तो हसायचाही जपून. हे सगळं त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही थांबत थांबत, आणि सांगून झाल्यावर म्हणाला, "गुरुजी, इस्वास ठेवू नगा, पर हसू बी नगा."

तर साल एकोणीसशे शेहेचाळीस. आश्विनातली पौर्णिमा, कोजागिरी. वार गुरुवार.

त्या रात्रीच्या आधी काय झालं ते कळायला थोडं मागं जायला हवं. खर्ड्याच्या शाळेत चार पोरं एका तरटावर बसून सातवी झाली होती. एक हा रज्जाक. दुसरा आबासाहेब, चांगल्या खात्यापित्या घरातला, आणि म्हणून आपोआप सगळ्यांचा म्होरक्या. तिसरा काकासाहेब, त्याला कशाचंही हसू यायचं, अगदी छड्या खातानासुद्धा. आणि चौथा कानिफनाथ. गोजरबाईचा एकुलता एक. बाप लहानपणीच गेलेला.

कानिफ म्हणजे अंगानं नुसता खांब. छाती अशी, की विहिरीत बुडी मारली तर काठावरची माणसं घाबरून त्याच्या आईला बोलवायला पळायची, आणि ती धापा टाकत येईपर्यंत हा वर येऊन उन्हात कपडे वाळवत बसलेला असायचा. पण एवढ्या मोठ्या गड्याला अंधाराचं भय. एकट्यानं अंधारातून घरी जायचं म्हटलं की याचा चेहरा उतरायचा. रज्जाकच्या सदऱ्याचं टोक धरायचा आणि म्हणायचा, "चल की रं जरा कोपऱ्यापतुर." मग रज्जाक त्याला त्याच्या दारापर्यंत पोचवायचा आणि स्वतः त्याच अंधारातून एकटा परत यायचा. त्याबद्दल कुणाला बोलायचं नाही असं दोघांचं ठरलेलं होतं.

शाळेमागं किल्ल्याच्या भिंतीखाली एक मोकळं मैदान होतं. एका बाजूला कडुलिंब, दुसऱ्या बाजूला जमिनीत रुतलेला एक मोठा धोंडा. त्या दोन्हींच्या मधे टाचेनं रेघ ओढायची आणि हुतुतू खेळायचा. तुम्ही आता त्याला कबड्डी म्हणता, शिट्ट्या वाजवता, चड्ड्यांवर आकडे छापता. तेव्हा तसलं काही नव्हतं. एका श्वासात हुतुतुतु म्हणत पलीकडं जायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम तुटायच्या आत परत येऊन रेघेला हात लावायचा. रेघ शिवली की सुटला. म्हणून एक गोष्ट सगळे पाळत. गडी पलीकडं गेलेला असताना रेघेला कुणी पाय लावायचा नाही. पुसायची तर बातच नको. नाही तर तो परत कुठं येणार?

खेळताना प्रत्येकाची पाळी ठरलेली. कानिफनंतर रज्जाक. कानिफ पलीकडच्या दोघातिघांना लोळवून यायचा, रेघेवर हात आपटायचा, आणि तिथली माती अंगठ्याला लावून तो अंगठा रज्जाकच्या कपाळावर ओढायचा. "जा. आता तुजी पाळी." लहानपणी विळ्यानं त्याचा अंगठा उभा चिरला होता. तो भरून आला, पण मधोमध खाच राहिली, गव्हाच्या दाण्याला असते तशी. त्यामुळं रज्जाकच्या कपाळावर जो मातीचा पट्टा उठायचा, त्याच्या मधे एक बारीक कोरी रेघ असायची.

आणि रज्जाकची पाळी म्हणजे काय, तर चार पावलं गेला की याचा दम संपला. मग कानिफ रेघेवर ओणवा व्हायचा आणि हळू आवाजात त्याच्याबरोबर हुतुतुतु म्हणत राहायचा. नियमात ते बसत नव्हतं. पण रज्जाक सांगायचा, तो आवाज कानावर असला की छातीत कुठून तरी थोडी हवा निघायची. तेवढी परत यायला पुरायची.

मग लढाई सुरू झाली. जामखेडला चिंचेखाली टेप घेऊन भरतीचे लोक बसले, तेव्हा हे चौघं चालत गेले. सगळ्यांनी मिळून जायचं, अशी शपथच घेतली होती. रज्जाकला छाती फुगवायला सांगितली तर तो खोकत खाली बसला. काकासाहेब रांगेतूनच पळाला. आबासाहेबाचे वडील घोड्यावरून आले आणि त्याला दंडाला धरून घेऊन गेले. राहिला कानिफ. त्याची छाती मोजून टेपवाला दुसऱ्याला हाका मारायला लागला, ये बघ म्हणून. ट्रकमध्ये चढताना कानिफनं मागं वळून बघितलं आणि उगीच हसून म्हणाला, "कुनीतरी चला की रं." एवढंच. रज्जाक म्हणायचा, तो चेष्टेनं बोलला असं आम्ही सगळ्यांनी मानून घेतलं.

एकदा सुट्टीवर आला, अंगानं आणखी भरून. नंतर इटली नावाच्या मुलखात गेला, आणि चव्वेचाळीस साली तार आली. गावाला काही कळलं नाही, नुसतं गेला एवढंच. पुढं त्याच्या पलटणीतला जामखेडकडचा एक शिपाई येऊन सांगून गेला. रात्रीची नदी ओलांडायची होती. पाणी बर्फासारखं. कानिफ सगळ्यांच्या पुढं. तो पलीकडच्या काठाला लागला आणि मागं फिरा असा हुकूम आला. बाकीचे फिरले. तो फिरला की नाही, ते कुणी बघितलं नाही. देह मिळाला नाही.

गोजरबाईनं त्याचा दहावा केला नाही. भाऊबंद समजवायला आले तर म्हणाली, "आला न्हाई म्हंजी गेला, आसं कुटं आस्तंय व्हय?" त्या दिवसापासून ती रात्री दाराला कडी घालायची नाही. म्हणायची, अंधाराचं दारात उभं राहून हाका मारायला त्याला भ्या वाटतं, दार उघडंच बरं.

आणि या पोरांनी काय केलं? दर कोजागिरीला गाव जागं असायचं, तेव्हा शाळेतले जुने गडी त्या मैदानात हुतुतू खेळायला जमायचे. कानिफची जागा कुणी भरायची नाही असं ठरलं. त्याची पाळी आली की आबासाहेब मोठ्यानं म्हणायचा, "जा, कानिफ." मग दोन्ही बाजूचे गडी गप्प उभे राहायचे. एका दमाएवढे. पानं हलायची तेवढा आवाज. मग आबासाहेब म्हणायचा, "आला." आणि रज्जाक पुढं व्हायचा. बस्स. ना हार, ना भाषण. मला विचाराल तर मेलेल्या दोस्ताची याहून चांगली आठवण मी कुठं पाहिली नाही.

शेहेचाळीस साली मात्र घोटाळा झाला. चंद्र डोक्यावर आला होता. आबासाहेब म्हणाला, "जा, कानिफ." सगळे गप्प झाले. रज्जाक आपल्या पाळीसाठी रेघेपाशी वाकून उभा. तेवढ्यात तिकडून चुलीपाशी बसलेला काकासाहेब ओरडला, "आरं दूध उतू चाललं! पळा पळा!" झालं. हशा पिकला. सगळे तिकडं धावले. जाता जाता आबासाहेबानं, खेळ संपला की नेहमी करायचा तसा, पाय घासत लिंबापासून धोंड्यापर्यंत रेघ पुसून टाकली.

रज्जाक मागून म्हणाला, "आबा, आला म्हनायचं ऱ्हायलं की."

"काय?"

"कानिफ. त्येला धाडला आन् आला म्हनायचं ऱ्हायलं."

आबासाहेब हसला नाही, पण त्याच्या हातात दुधाचा पेला आला होता. "पुढल्या साली दोनदा म्हनू. चल, दूध गार हुतंय."

दूध पिऊन झालं, गप्पा झाल्या, सगळे आपापल्या घरी गेले. रज्जाक अंथरुणावर पडला आणि त्याला गोजरबाईची चरवी आठवली.

पितळेची चरवी. दूध दरवर्षी तिच्याच गाईचं असायचं. देताना ती म्हणाली होती, "रातीच आनून दे बरं का, सकाळी धार काढायला दुसरं भांडं न्हाई." आणि चरवी मैदानातच राहिली होती. रज्जाक उठला. काम असं काही मोठं नव्हतं. टिपूर चांदणं होतं, सुई पडली तर सापडावी असं. वाटेत गोजरबाईचं घर लागलं. दार नेहमीसारखं लोटलेलं. आत चिमणी जळत होती.

"कोन हाय?" आतून लगेच आवाज आला. ती झोपतच नसावी.

"मी रज्जाक, मावशी. चरवी आनतो."

"तूच व्हय." मग म्हणाली, "पायांचा आवाज आला म्हनून इचारलं. जा सावकाश. पळू नगंस, छाती भरंल."

रज्जाक पुढं गेला.

मैदान रिकामं होतं. चुलीतली राख अजून कोमट. चरवी लिंबाच्या बुंध्याशी लवंडलेली. त्यानं ती उचलली, आतलं उरलेलं थेंबभर दूध मातीत ओतलं आणि वळला. मोकळ्या मैदानाकडं बघून त्याला फार एकटं वाटलं. आबासाहेब आता मामलेदारांबरोबर उठबस करायचा. काकासाहेब नगरला कुठं तरी कारकून. वर्षातून एकदा येणार, दूध पिणार, जाणार. गावात रोजचं असं त्याला कोण होतं? एक ती कापूस पिंजायची धनुकली. दिवसभर तिची ती एकच तार वाजायची.

आणि तेव्हा त्याला ऐकू आलं.

लांबून. किल्ल्याच्या खंदकाकडून.

हुतुतुतुतुतु...

रज्जाकला वाटलं काकासाहेब. त्याला असले चाळे सुचायचे. "काक्या, बास कर," तो म्हणाला. "लई रात झाली."

हुतुतुतुतुतुतु...

आवाज जवळ आला. खेळाच्या पलीकडच्या अर्ध्यात. चांदण्यात तिथला खडा न् खडा दिसत होता. माणूस नव्हता.

रज्जाक थांबला. आता दम तुटेल आणि काकासाहेब कुठून तरी हसत बाहेर पडेल, म्हणून थांबला. ज्याचा स्वतःचा श्वास बेताचा असतो ना, त्याला दुसऱ्याचा श्वास बरोबर कळतो. त्यानं नकळत आपला श्वास त्या आवाजाबरोबर धरला. धरवेना तेव्हा सोडला. पुन्हा घेतला. पुन्हा सोडला.

आवाज चालूच होता.

कितीही मोठ्या छातीचा गडी असो. कुठं तरी तुटतो. कुठं तरी घोट घेतो. हा तुटत नव्हता. मधे फट नव्हती. श्वास घेतल्याचा आवाज... नव्हताच.

रज्जाकनं चरवी घट्ट धरली.

आवाज सरळ त्याच्याकडं आला. अगदी जवळ. मग थबकला आणि डावीकडं गेला, लिंबाकडं. तिथून परत उजवीकडं. धोंड्याकडं. पुन्हा लिंबाकडं. जमिनीवर धूळ उडत होती. थोडी थोडी. पाऊल पडल्यावर उडते तेवढीच. अंधारात माणूस पायानं उंबरा चाचपतो ना, तसं काही तरी तिथं चाललं होतं.

आणि मग रज्जाकला कळलं.

तो रेघ शोधत होता.

धाडला होता त्यांनीच. जा म्हणून. आणि मागं रेघ पुसून दूध प्यायला गेले होते.

पोरांनो, खरं सांगतो, तो पळाला. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, तुम्ही पळाला असता, मीही पळालो असतो. चरवी छातीशी धरून तो मैदानाच्या कडेपर्यंत गेला. शाळेची भिंत आली. तिथून वळलं की गाव.

पाठीमागं आवाज बारीक झाला. आधी घुमत होता, आता घोगरा झाला होता. दमलेला. लहान पोर रडायच्या आधी जसं ओठ आवळून धरतं, तसा.

तो सूर रज्जाकनं एकदा ऐकला होता. ट्रकमध्ये चढताना. कुनीतरी चला की रं.

रज्जाक भिंतीला टेकून उभा राहिला. मग रडायला लागला. आणि रडत रडतच परत फिरला.

लिंबाच्या मुळाशी त्यानं टाच रोवली आणि रेघ ओढायला सुरुवात केली. आश्विनातली कोरडी माती. धूळ उसळली. नाकात गेली, घशात गेली. तो ओढत राहिला. आवाज त्याच्या बाजूनं चालत होता. त्याच्याच चालीनं. पलीकडून.

अर्ध्यात खोकला आला. उबळ थांबेना. तो गुडघ्यावर बसला. चरवी हातातून सुटून ठणठणत गेली. तो हातानं रेघ ओढायला लागला. बोटांनी. रांगत.

धोंडा समोर होता.

छाती बंद झाली.

दमा ज्याला आहे त्यालाच हे कळतं. हवा बाहेर भरून राहिलेली असते, आणि आत येत नाही. तो पालथा पडला. हात लांब केला. बोटं धोंड्याला लागली. रेघ पुरी झाली... त्याच्या हातानं.

पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. एक शब्द राहिला होता. तो म्हटल्याशिवाय पाळी संपत नव्हती.

त्यानं तोंड उघडलं.

आवाज नाही. हवाच नाही.

डोळ्यांपुढं काळं यायला लागलं. हुतुतुतु रेघेच्या त्या बाजूला आला. समोर. थांबला नाही, पण खाली आला. कुणी ओणवं झालं की येतो तसा. त्याच्या कानाशी आला. आणि हळू झाला...

हुतुतु... हुतुतु...

अगदी हळू. त्याच्याबरोबर म्हणायचा, तसा.

रज्जाकच्या छातीत कुठून तरी थोडी हवा आली. एका शब्दापुरती.

"आला," तो म्हणाला.

आवाज थांबला.

काही नाही... रातकिडा नाही. पान नाही. मग त्याच्या अगदी जवळ कुणी तरी श्वास सोडला. लांब. लांब. दोन वर्षांचा कोंडलेला असावा तसा. तो संपेचना.

मग कपाळावर काही तरी गार टेकलं.

त्यानंतरचं रज्जाकला आठवत नाही.

तांबडं फुटताना तो जागा झाला. रेघेवरच पडलेला होता. छाती मोकळी होती. चरवीला पोचा आला होता. ती घेऊन तो उठला, कारण गाय धारेसाठी हंबरत असेल आणि मावशीला दुसरं भांडं नव्हतं. आपल्याला भास झाला, दम्यानं गुदमरलं की माणसाला काहीबाही ऐकू येतं, असं मनाशी म्हणतच तो तिच्या दारात पोचला.

गोजरबाई अंगणात होती. "किती येळ रं लेकरा," म्हणत ती चरवी घ्यायला पुढं आली. आणि हात तसाच राहिला.

"काय झालं, मावशी?"

तिनं त्याची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड उगवतीकडं केलं. कपाळाकडं बघत राहिली. बराच वेळ. रज्जाकनं हात वर नेला तर तिनं तो धरला.

"पुसू नगंस."

"काय हाय?"

"माती हाय." तिचा आवाज अगदी साधा होता. "आंगठा ओढलाय कुनीतरी. मधी रेघ कोरी ऱ्हायलीय."

रज्जाकनं तिला सगळं सांगितलं. त्याचं सांगून झाल्यावर एवढंच विचारलं, "आंगठा गार हुता का रं त्येचा?"

"व्हय मावशी. लई गार."

"लई लांबनं आला त्यो," ती म्हणाली. मग खाली बसून रडली. तार आली त्या दिवशीही ती रडली नव्हती. त्या दिवशी गाईची धार निघायला दुपार झाली, आणि रात्री गोजरबाईनं दाराला कडी घातली. शेजाऱ्यांना कडीचा तो आवाज ऐकून चुकल्यासारखं झालं म्हणतात.

कानिफचा दहावा तिनं त्याच आठवड्यात केला. पिंडाला कावळा लगेच शिवला. पुढं ती होती तोवर रज्जाक रोज दिवेलागणीला तिच्याकडं जाऊन बसायचा. त्याला विचारलं की म्हणायचा, "आता माजी पाळी हाय."

एवढंच असतं, तर मीही म्हटलं असतं की पालथा पडला होता, कपाळाला माती लागणारच. मी मास्तर माणूस, मला असल्या गोष्टी लवकर पटत नाहीत. पण गोजरबाईनं ती माती त्या सकाळी नखानं खरवडून कुंकवाच्या एका रिकाम्या करंड्यात ठेवली होती. ती गेल्यावर तो करंडा रज्जाककडं आला. पुढं कित्येक वर्षांनी, दुष्काळातल्या एका चैत्रात, भर दुपारी, त्यानं तो माझ्यापुढं उघडला.

खर्ड्याची माती तुम्ही पाहिली आहे, काळी. ही पांढरट राखाडी होती, नदीकाठी गाळ बसतो तसली.

मी बोट लावलं. गावातल्या विहिरी त्या साली तळाला गेल्या होत्या. घरात हंडाभर पाणी नव्हतं.

माती ओली होती.